डोंगल गेलं, मोर वाचला

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यातून अण्णांचा फोन आला, "डिझाइनचा कॉम्प्युटर बसलाय, लगेच या ओ." जाऊन बघतो तर कॉम्प्युटर ठणठणीत. बसलं होतं ते सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे परवान्याचं यूएसबी लॉक, कुणाच्या तरी गुडघ्याचा धक्का लागून यूएसबीतच वाकलेलं. मोराचं डिझाइन समोर उघडं होतं, पण सेव्ह केलं की 'लॉक सापडत नाही'. मास्तरांनी सकाळपासून काम करून एकदाही सेव्ह केलं नव्हतं. (डिझाइन मास्तर सगळे असेच.) त्यात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा तोंडावर आलेली.

हेल्परनं स्क्रीनचे मोबाइलवर फोटो मारून ठेवले होते. त्यात मोरावर लाटाच लाटा. पडद्याचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके जुळले नाहीत की असं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो आणखी दाबला गेला. बघायला चालेल, पण जकार्डला, म्हणजे चादरीत नक्षी विणणाऱ्या यंत्रणेला, नाही. इथं एक ठिपका म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथं एकमेकांना ओलांडतात ती जागा. प्रत्येक रंगाला एक वीण, म्हणजे धागे वर-खाली गुंफायची रीत, लावलेली असते. चार रंगांच्या डिझाइनमध्ये पाचवी छटा शिरली की तिला वीण कुठली द्यायची?

म्हणून झूम १०० टक्के केला. ४८० हूकची (उभे धागे उचलणारे आकडे), म्हणजे ४८० ठिपक्यांची रुंदी पडद्यावर मावत होती, उंची नाही. विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबत, थोडा भाग दोन्हीकडे येईल असं खाली सरकत गेलो. त्या कॉम्प्युटरवर नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं तर चित्र क्लिपबोर्डवर जातं आणि पुढचं आलं की मागचं पुसलं जातं. दोन्ही बटणं दाबली की पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरात थेट पीएनजी पडते.

पहिला तुकडा पेंटमध्ये मोठा करून बघितला, तर पिसांच्या कडेला राखाडी किनार. पीएनजी रंग बिघडवत नाही, मग ही आली कुठून? सेटिंग्ज उघडल्यावर कळलं. मास्तरांना बारीक दिसत नाही म्हणून विंडोजचं स्केलिंग १२५ टक्क्यांवर होतं. जुन्या सॉफ्टवेअरला स्वतः मोठं होता येत नाही, मग विंडोज त्याचं चित्र ताणतं. चार ठिपक्यांच्या जागी पाच बसवायचे म्हटल्यावर मधल्या छटा येणारच. स्केलिंग १०० वर आणलं. मास्तर कुरकुरले, "आता मला मोर दिसंना." पण कडा लख्ख झाल्या.

तुकडे पेंटमध्ये जोडले, बीएमपी केली आणि तेच सॉफ्टवेअर असलेल्या शेजारच्या कारखान्यात उघडली. रंग मोजले, चारच. कुठल्या रंगाला कुठली वीण हे मात्र चित्रात येत नाही. ते मास्तरांनी तिथं बसून पुन्हा लावलं, त्यात संध्याकाळ झाली.

अण्णा सगळं बघत उभे होते. म्हणाले, "बटण दाबून डिझाइन निघतंय, तर डोंगलला एवढे पैसे कशाला भरतो ओ आपण?"

मास्तरांनी मानही वर केली नाही. "वीण लावायला, अण्णा. उद्याच नवीन मागवा."