दुखतं, पण नेमकं कुठे?

‘संबंधाच्या वेळी दुखतं’ असं बायका डॉक्टरांना सहसा सांगत नाहीत. सांगतात ते ‘अंगावरून पांढरं जातं’, नाहीतर ‘कंबर भरून येते’. मग गोळ्याही कंबरेच्याच मिळतात. खरं तर दुखणं योनीच्या तोंडाशी, शिरतानाच होतं की आत खोलवर, एवढं सांगितलं तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

तोंडाशी आग होत असेल तर आधी कोरडेपणाचा विचार करायचा. घाई हे त्याचं सगळ्यात साधं कारण. शरीर तयार व्हायला वेळ लागतो आणि दोन खोल्यांच्या घरात, पडद्यापलीकडे सासूसासरे झोपलेले असताना, तो वेळ कुणी घेत नाही. बाळ अंगावर पीत असताना आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं, तेव्हा मन असूनही ओलावा येत नाही. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही कोरडं पडतं. मेडिकलमध्ये पाण्याचा बेस असलेली जेली मिळते, ती दोघांनीही लावावी. खोबरेल किंवा व्हॅसलीन निरोधबरोबर मुळीच नको, तेलानं रबर फाटतं. पाळी गेलेल्या बाईला डॉक्टर इस्ट्रोजेनचं क्रीम देतात: साधारण पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ते आधी सांगायचं.

मे महिन्यात आपल्या सोलापुरात पारा ४० च्या वर जातो. नायलॉनची निकर, वर घट्ट लेगिंग आणि दिवसभर एका जागी बसून विड्या वळणं, म्हणजे बुरशीला रान मोकळं. दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं आणि खाज असेल तर बहुधा बुरशी. पातळ, करडं आणि माशासारखा वास असेल तर जंतूंचा समतोल बिघडलेला. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास, म्हणजे संबंधातून लागणारा एक सूक्ष्मजीव, आणि त्यात नवऱ्यानंही औषध घ्यायलाच हवं, नाहीतर फिरून तेच. दुकानातून बुरशीवरची फ्लुकोनाझोल १५० ची एक गोळी आणून गिळायची पद्धत वाईट: बुरशी नसेल तर उपयोग शून्य, आणि पोटात मूल असेल तर ती घ्यायचीच नाही. बुरशी सारखी उलटत असेल तर साखर तपासा. डेटॉल, साबण किंवा ‘व्ही-वॉश’ आत घालू नका. आतलं आम्ल ३.८ ते ४.५ पीएचचं असतं, तेच राखण करतं. बाहेरून साधं पाणी पुरे.

काहींचे योनीभोवतीचे स्नायू आपोआप इतके आवळतात की बोटही जात नाही. याला घरात ‘हिचं मनच नाही’ म्हणतात, ते साफ चूक. यावर स्नायू आवळण्याचा व्यायाम उलटा पडतो. शिकायचं असतं ते सैल सोडणं. गुडघे दुमडून पडायचं, श्वास सोडता सोडता स्वतःच्या करंगळीचं टोक जेली लावून योनीच्या तोंडाशी ठेवायचं आणि थांबायचं. दुखलं तर तिथेच थांबा, पुढे ढकलायचं नाही. ते सहज जमायला लागलं की मगच पुढचं बोट. काही आठवडे लागतात. जमत नसेल तर फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक दोघांचीही मदत घ्यावी. बाळंतपणातल्या टाक्याच्या एकाच जागी टोचत असेल, तर ती जागा बोटानं दाखवा.

खोलवर दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या आतल्यासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं), ओटीपोटातला जंतुसंसर्ग, बीजकोशाची गाठ, कधी नुसता बद्धकोष्ठ. पाळीच्या दुखण्यानं अंथरूण धरावं लागतं, पाळीत संडासला दुखतं, तर एंडोमेट्रिओसिसचं नाव स्वतःहून काढा, कारण सोनोग्राफी ‘नॉर्मल’ येऊनही तो असू शकतो. आणि ‘पिशवीला सूज आहे, काढून टाकू’ असं पहिल्याच भेटीत कुणी म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नका. संबंधानंतर रक्त गेलं तर पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्याच. पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोरात दुखलं, किंवा तापासह ओटीपोट दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना.

सोलापुरात सिव्हिलची स्त्रीरोग ओपीडी आहे. सरकारी मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे अशा संसर्गांचं औषध फुकट मिळतं. केस पेपरवर मोघम ‘पोटदुखी’ लिहून चालतं, आत गेल्यावर खरं सांगा. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या बाईनं भाषेसाठी मैत्रीण न्यावी, सासू बाहेर बसू दे. महिला डॉक्टर मागता येते. तपासताना दुखलं तर ‘थांबा, लहान स्पेक्युलम (आत बघायचा चिमटा) घ्या’ म्हणा. शेवटच्या पाळीची तारीख, चालू गोळ्या आणि दुखणं कधीपासून, हे चिठ्ठीवर लिहून न्या. तोंडून निघालं नाही तर चिठ्ठीच पुढे करायची.