शनिवारची शाळा आणि भरतीचं गणित

आमच्या इकडे गुहागर साइडला जिल्हा परिषदेच्या शाळेतला शनिवार मला फार आवडतो. 2024 पासून पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' हा कृतीतून शिकायचा उपक्रम आहे ना, त्यात गुरुजींनी पोरांना भरतीचं गणित शिकवलं, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते, म्हणजे अष्टमीला आठ पाऊण सहा, साधारण सहाच्या आसपास पाणी चढलेलं. लेक आता आजोबांबरोबर खाडीवर जाऊन पडताळते, वहीत लिहिते, रोज साधारण 50 मिनिटं उशीर का होतो तेही चंद्रासकट समजावते! स्कॉलरशिप परीक्षेच्या तयारीचे जादा तास हवेतच, पण केंद्राच्या निपुण भारत योजनेवाले तिसरीपर्यंत वाचता-मोजता यावं म्हणतात ते असंच पक्कं होतं हो. पुढच्या शनिवारी जाळं विणणारे काका येणारेत, मीपण जाणार बघायला.