क्लास बघायला जाल तेव्हा नवख्याकडे बघा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मुलाला कराटेला घालावं की ज्युदोला, आणि त्यातला चांगला क्लास ओळखायचा कसा, हे मला वरचेवर विचारलं जातं. पहिल्या प्रश्नात मी फार शिरत नाही. कराटे, ज्युदो, तायक्वांदो, बॉक्सिंग, कुस्ती, जिऊ-जित्सू, यातलं काहीही जीव लावून शिकवलं जात असेल तर ते शिकण्याजोगं आहे. दुसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र मला पोटतिडकीने बोलायचं आहे.

नाव घालण्याआधी एकदा पूर्ण तास बसून बघा. नजर आपोआप सगळ्यात चपळ मुलाकडे जाईल. तो मुलगा कुठल्याही क्लासला चमकला असता. तुम्ही शोधा तो नुकताच आलेला, अजून डावा-उजवा पाय चुकणारा. त्याची जोडी कोणाशी लावली आहे? जुना विद्यार्थी त्याच्यावर हात साफ करून घेतोय, की स्वतःचा जोर आवरून त्याला डाव करू देतोय? सरांचं त्याच्याकडे लक्ष आहे का? आणि पकड-पाडापाडीचा प्रकार असेल, तर त्याला कोणी उचलून टाकण्याआधी नीट पडायला शिकवलंय का?

हे पडण्याचं मी इतकं का लावून धरते, ते सांगते. जपानमध्ये 1983 नंतरच्या तीसेक वर्षांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुलं दगावली. ज्या देशात हा खेळ जन्मला, तिथे. बहुतेकांच्या डोक्याला इजा झालेली होती, आणि त्यात पहिल्याच वर्षाची मुलं फार होती. मागच्या मागे पाडणारा डाव बसतो, पडणाऱ्याला हनुवटी छातीशी घट्ट धरायची सवय नसते, मान झटक्याने मागे जाते. डोकं जमिनीवर जोरात आपटलं नाही तरी मेंदू कवटीत हिंदकळून आतली रक्तवाहिनी फाटू शकते. 2012 साली तिथल्या माध्यमिक शाळांत ज्युदोसारख्या युद्धकला सक्तीच्या झाल्या, त्या सुमारास मुलं गमावलेल्या पालकांनी आणि अभ्यासकांनी हा विषय उचलून धरला. शिकवण्याचे नियम कडक झाले आणि मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आलं. खेळ तोच होता, डाव तेच होते. नवशिक्याला काय, कधी आणि कोणाबरोबर करू द्यायचं, एवढं बदललं.

म्हणून सरांना एक प्रश्न सरळ विचारा: सरावात कोणाच्या डोक्याला मार लागला तर तुम्ही काय करता? त्या दिवसापुरता सराव बंद, घरच्यांना कळवायचं, डॉक्टरांना दाखवायचं आणि त्यांनी हो म्हटल्यावर हळूहळू परत सुरुवात, असं उत्तर यायला हवं. ‘तोंडावर पाणी मारतो, पाच मिनिटं बसवतो आणि परत उभा करतो’ असं कोणी अभिमानाने सांगितलं, तर तिथून निघा. बाकीचं काही बघायची गरज नाही.

आता उलट बाजू. काही क्लासमध्ये कोणालाच काही लागत नाही, कारण तिथे कोणी कोणाला विरोधच करत नाही. तासभर हवेत पंच आणि किक, मग काता, म्हणजे आधीच ठरलेल्या हालचालींची मालिका, मग जोडीदार हात पुढे करून पुतळ्यासारखा उभा. काता मला मनापासून आवडतात, पण समोरचा हलतोय, निसटतोय, उलट वार करतोय, असा सराव कधीच होत नसेल तर डाव येतो की नाही हे मुलाला कळणार तरी कसं? विचारलं की पुष्कळदा ऐकायला मिळतं, ‘आमचे डाव इतके घातक आहेत की खरे करून बघता येत नाहीत.’ याचं उत्तर ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 साली कोदोकान ही आपली शाळा सुरू केली तेव्हाच देऊन ठेवलं आहे. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले जोडीदाराला जायबंदी करतील असे डाव त्यांनी कातांपुरते ठेवले, आणि उरलेले पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या माणसावर रोज करून घ्यायला लावले. त्यालाच रांदोरी म्हणतात. मोजके डाव, पण खऱ्या विरोधासमोर घासलेले. चांगल्या क्लासमध्ये हा विरोध पायरीपायरीने वाढवतात: आधी नुसती पकड सोडवायची, मग ठरलेल्या एका हल्ल्याला उत्तर, मग हलकं स्पॅरिंग, म्हणजे सरावाची मोकळी लढत. आणि कोणी टॅप केलं, म्हणजे ‘सोड’ अशी खूण म्हणून हाताने थोपटलं, की त्याच क्षणी पकड सुटते. एकानेही उशीर केला आणि सर काही बोलले नाहीत, तर ते लक्षात ठेवा.

बेल्टबद्दल थोडक्यात. ब्राझिलियन जिऊ-जित्सूत ब्लॅक बेल्टला साधारण दहा वर्षं जातात, इतर प्रकारांत कमी, पण मेहनत सगळीकडे आहे. दर ठरावीक महिन्यांनी सगळ्यांचंच ग्रेडिंग, म्हणजे पुढच्या बेल्टची परीक्षा, होतं, सगळेच पास होतात आणि प्रत्येक वेळी वेगळी फी असते, तर तिथे बेल्ट विकला जातोय. कधी कोणी नापास झालंय का, हे जुन्या पालकांना विचारा. सरांची पदकं बघाच, पण पदकं ते स्वतः कसे लढायचे एवढंच सांगतात. ते कोणाकडे शिकले आणि प्रथमोपचार येतात का, हेही विचारा. लपवण्यासारखं काही नसेल तर माणूस आनंदाने सांगतो.

लहान मुलांच्या बाबतीत मी आणखी हट्टी आहे. पालकांना आत बसू न देणारा क्लास मला चालत नाही. शिस्तीच्या नावाखाली मारणारा तर नाहीच. स्पर्धेसाठी वाढत्या वयाच्या मुलाचं वजन उतरवायला लावत असतील, तर तिथेही नको. जपानच्या ज्युदो महासंघाने 2022 मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. वजन उतरवण्याची सक्ती आणि पंचांवर ओरडणारे मोठे, हे सगळं त्यांनी बघितलं होतं. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो.

मुलीसाठी किंवा स्वतःसाठी बघत असाल, तर तिथे वर्ष-दोन वर्षं टिकलेल्या मुली आणि बायका किती आहेत ते बघा आणि त्यांच्याशी सर नसताना बोला. सराव कोणाबरोबर करायचा हे त्यांना ठरवता येतं का, नको असलेल्या जोडीदाराला नाही म्हटलं तर चालतं का, हे त्याच सांगतील. जमलं तर क्लास सोडून गेलेल्या कोणाला तरी गाठा. आणि हे सगळं होईपर्यंत वर्षाची फी एकदम भरू नका. एक महिना जाऊ द्या.