ती वीस सेकंदं

पिट्सबर्गला आल्यावर पहिली दोन वर्षं मी गाडीत रोज एकच आवाज ऐकायचे. इथे एफएमवर ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा पट्टा ना-नफा केंद्रांसाठी राखून ठेवलेला असतो, आणि अमेरिकेत कुठेही गेलात तरी त्या पट्ट्यात एखादं तरी ख्रिस्ती केंद्र लागतंच. तिथे जे. व्हर्नन मॅगी नावाचे पाळक टेक्ससकडच्या हेल काढून बोलण्याच्या ढंगात पवित्र शास्त्र समजावून सांगायचे. रोज थोडा भाग, असं करत पाच वर्षांत अख्खं बायबल. मला ते घरातल्या आजोबांसारखे वाटायला लागले होते. एकदा त्यांना पत्र लिहावं म्हणून पत्ता शोधला, तेव्हा कळलं की ते १९८८ सालीच वारले. पाच वर्षं झाली की रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. त्या दिवशी गाडी बाजूला घेऊन मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

आपण कोणाचा उपदेश ऐकायचा हे आपणच ठरवतो, असं मला तोवर वाटायचं. पण माझ्या बाबतीत ते रेडिओने आणि माझ्या कामाच्या वेळेने ठरवलं होतं.

चर्चमधली उपासना रेडिओवरून पहिल्यांदा ऐकवली गेली ती याच गावातून. २ जानेवारी १९२१, कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्च, केडीकेए केंद्र. ते केंद्र नियमित सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. मुख्य पाळकांना या नव्या प्रकाराचा भरवसा वाटेना, म्हणून उपदेश त्यांच्या हाताखालच्या तरुण पाळकांनी केला. उपासनेत व्यत्यय नको म्हणून तंत्रज्ञांनाही गायकवृंदाचे झगे घालून बसवलं होतं. मी ते चर्च बाहेरून कितीदा पाहिलंय, आणि दर वेळी मला ते झगे घातलेले तंत्रज्ञच आठवतात.

त्यानंतर दहा वर्षांच्या आत रेडिओ कुठवर पोहोचला होता, ते फादर चार्ल्स कॉफलिन यांच्याकडे पाहिलं की कळतं. डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओक या लहान गावातले हे धर्मगुरू. आवाज विलक्षण गोड. मंदीच्या काळात कोट्यवधी लोक त्यांना ऐकत. १९३१ मध्ये सीबीएस या रेडिओ कंपनीने त्यांना काढलं, तर श्रोत्यांच्या पैशातून त्यांनी केंद्रांची वेळ विकत घेतली आणि स्वतःचं जाळं उभं केलं. पुढे त्याच गोड आवाजात ते ज्यूंविरुद्ध विष ओकू लागले. त्यांचं सार्वजनिक बोलणं पूर्ण थांबवायला १९४२ साल उजाडलं, आणि त्यासाठी आर्चबिशपना आज्ञा करावी लागली. देवळातला पाळक भलतं बोलला तर मंडळीतली वडीलधारी माणसं त्याला अडवू शकतात. रेडिओवरच्याला अडवायला खोलीत कोणी नसतं, ही गोष्ट मला आजही फार अस्वस्थ करते.

दूरचित्रवाणीवर १९५२ मध्ये बिशप फुल्टन शीन आले. झगा, फळा, खडू, आणि डोळे थेट तुमच्यावर. त्यांना एमी पुरस्कारही मिळाला.

पण खरा बदल झाला एका सरकारी निर्णयाने, आणि तो इथल्या लोकांनाही फारसा ठाऊक नसतो. आधी केंद्रं मोठ्या, जुन्या पंथांना फुकट वेळ देत, कारण धार्मिक कार्यक्रम ही लोकसेवा धरली जाई. १९६० मध्ये रेडिओ-दूरचित्रवाणीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने सांगितलं की पैसे घेऊन दिलेली वेळही लोकसेवेत मोजता येईल. मग फुकट कोण देणार? शांतपणे बोलणारे, दानाची झोळी पुढे न करणारे पाळक हळूहळू पडद्यावरून दिसेनासे झाले. श्रोत्यांकडून पैसा उभा करू शकणारे राहिले. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांतल्या काहींच्या भानगडी बाहेर आल्या, तेव्हा लोक म्हणाले, माणसं वाईट निघाली. मला वाटतं, आधी चाळणीच तशी लावली होती.

आजची चाळणी आणखी बारीक आहे. चाळीस मिनिटांच्या उपदेशातलं एक मिनिट कापून फिरवलं जातं, आणि त्या मिनिटात पाळक रडला किंवा गरजला तरच ते पुढे जातं. सगळंच बिघडलंय असं मात्र नाही. जानेवारी २०२१ मध्ये फादर माइक श्मिट्झ यांचं वर्षभरात बायबल वाचून दाखवणारं पॉडकास्ट ॲपलच्या यादीत पहिलं आलं. कानात एकट्याने ऐकणारा माणूस धीर धरतो, तोच माणूस अंगठ्याने पडदा सरकवताना धरत नाही.

आमच्या चर्चमध्ये साठेक माणसं. प्रोजेक्टरवरची गीतं आणि उपासनेचं रेकॉर्डिंग माझ्याकडे असतं, म्हणून उपदेशाची छापील प्रत मला आधी मिळते. गेल्या वर्षी एका रविवारी उधळ्या पुत्राचा दाखला होता: घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येतो, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि थोरला भाऊ रुसतो, ही येशूने सांगितलेली गोष्ट. तिसऱ्या बाकावर एक जोडपं होतं. त्यांचा मुलगा घर सोडून गेला, तो अजून परतलेला नाही. पाळक वाचता वाचता त्या बाकाकडे पाहून थांबले. वीस सेकंदं तरी गेली. मग त्यांनी चक्क दोन पानं उलटली आणि भावाबद्दलचा भाग सोडून फक्त बापाबद्दल बोलले, रोज वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बापाबद्दल. छापलेल्यात यातलं काहीच नव्हतं.

रेकॉर्डिंग चढवताना मदतीला असलेला मुलगा म्हणाला, "ताई, मधली शांतता कापून टाकू या का?" मी नको म्हटलं.

रात्री बाबांचा फोन आला. दर रविवारी ते आमची उपासना मोबाइलवर बघतात.

"मधेच आवाज गेला होता का गं?"

"नाही बाबा, आवाज होता. ते थांबले होते."

"का?"

मग मी त्यांना त्या तिसऱ्या बाकाबद्दल सांगितलं.