जवळ म्हणजे गरम: विज्ञानाविषयीचे गैरसमज मनात का टिकतात

विज्ञानाविषयीच्या गैरसमजांचा विषय निघाला की बोलणे बहुतेक वेळा गंडेदोरे, ग्रहणातले सोवळेओवळे आणि भोंदू बाबांकडे वळते. त्या विषयांचे महत्त्व मी कमी मानत नाही. परंतु कोल्हापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवताना मला अधिक अस्वस्थ करतात ते शिकलेल्या, विचारी आणि कोणाच्याही नादी न लागणाऱ्या माणसांच्या मनात निवांत नांदणारे गैरसमज. ते अज्ञानातून आलेले नसतात. त्यांचे मूळ खऱ्या अनुभवात असते, आणि म्हणूनच पुस्तकातले बरोबर उत्तर पाठ करून घेतल्याने ते जात नाहीत.

सर्वांत परिचित उदाहरण ऋतूंचे आहे. उन्हाळा का होतो, असे विचारले की शाळकरी मुलेच काय, त्यांना सोडायला आलेले पालकही सांगतात की त्या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या जवळ येते. हा आपल्याकडचाच दोष आहे असे कोणी समजू नये. १९८७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना ऋतूंचे किंवा चंद्रकलांचे कारण विचारण्यात आले, तेव्हा २१ जणांच्या स्पष्टीकरणात गैरसमज आढळले.

वस्तुस्थिती अशी की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण स्वेटर घालून रंकाळ्यावर फिरायला जातो त्या दिवसांत. तेव्हाचे अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असते आणि जुलैच्या आरंभी ते सुमारे १५.२ कोटी होते. हा फरक जेमतेम साडेतीन टक्क्यांचा आहे. ऋतू घडतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कोल्हापुरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो आणि दिवस सुमारे ११ तासांचा असतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तोच सूर्य नेमका डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते आणि दिवसही बराच मोठा झालेला असतो. तिरपे ऊन अधिक जागेवर पसरते, म्हणून त्याची धग कमी लागते.

एवढे सोपे कारण असताना मन अंतराकडेच का धावते? कॅलिफोर्नियातील संशोधक अँड्रिया डिसेसा यांनी याचे जे उत्तर दिले ते मला फार पटते. त्यांच्या मते माणसाच्या मनात सुसंगत असा चुकीचा सिद्धांत बहुधा नसतोच. तेथे अनुभवातून जमलेल्या लहान लहान, सुट्या कल्पना असतात, आणि प्रश्न समोर आला की त्यांतली जी सर्वांत आधी हाताला लागेल ती आपण वापरतो. ‘जवळ गेले की अधिक लागते’ ही त्यांपैकीच एक. चुलीजवळ सरकले की धग वाढते, भोंग्याजवळ गेले की आवाज वाढतो, अत्तराच्या कुपीजवळ नाक नेले की वास वाढतो. ही कल्पना खोटी नाही. रोजच्या व्यवहारात ती हजार वेळा खरी ठरलेली असते आणि ऋतूंच्या प्रश्नात ती फक्त चुकीच्या जागी वापरली जाते. ज्या कल्पनेने आयुष्यभर साथ दिली, ती एका तासिकेच्या फळ्यावरच्या आकृतीने मागे हटेल अशी अपेक्षा करणे हे मनाच्या रचनेविषयीचेच अज्ञान आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्गात मी याच प्रश्नावर मुलांना मेलबर्नची आठवण करून देतो. २६ डिसेंबरला तेथे कसोटी सामना सुरू होतो आणि भारताचा संघ खेळत असेल तर आमची मुले पहाटे पाचला उठून तो पाहतात. प्रेक्षक टोप्या घालून उन्हात बसलेले असतात, खेळाडूंनी नाकावर पांढरे मलम फासलेले असते, समालोचक उकाड्याविषयी बोलत असतात, आणि आमचा विद्यार्थी हे सारे पांघरुणात गुरफटून पाहत असतो. पृथ्वी एकच आणि सूर्यापासूनचे तिचे अंतरही एकच. मग एकाच दिवशी इकडे थंडी आणि तिकडे उन्हाळा कसा? हा प्रश्न टाकल्यावर वर्ग गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, “सर, तिकडचं वेगळं असतंय.” हे उत्तर मला मोलाचे वाटते, कारण गैरसमज कसा तग धरतो ते त्यात उघडे दिसते. दोन्ही गोष्टी मुलाला ठाऊक असतात, पण एक क्रिकेटच्या कप्प्यात असते आणि दुसरी भूगोलाच्या. दोन्ही कप्पे एकाच वेळी उघडण्याची वेळ कोणी आणलेलीच नसते.

आपल्या भागात एक अडचण आणखी आहे, आणि परदेशी पुस्तकांवरून शिकवताना ती लक्षात येत नाही. युरोप-अमेरिकेत ‘पृथ्वी जुलैत सर्वांत दूर असते’ एवढे सांगितले तरी गैरसमजाला धक्का बसतो, कारण तिकडे जुलै म्हणजे ऐन उन्हाळा. कोल्हापुरात जुलै म्हणजे संततधार पाऊस, पंचगंगेचे पाणी पात्राबाहेर, न वाळणारे कपडे आणि घरोघरी सर्दी-खोकला. दूर गेलो म्हणून गारठा आला, असे वाटायला येथे पूर्ण वाव आहे. गेल्या काही वर्षांत जुलैच्या सुमारास मोबाइलवर फिरणारा संदेश याच वाटेने मनात शिरतो. सूर्य नेहमी ९ कोटी किलोमीटरवर असतो, आता तो १५ कोटींहून दूर गेला आहे, त्यामुळे थंडी वाढेल आणि आजार होतील, असा त्याचा आशय असतो. मुळात सरासरी अंतरच सुमारे १५ कोटी किलोमीटर आहे. ९ कोटींचा आकडा बहुधा मैलांतल्या अंतरावरून आला असावा. ज्या अंतरावर युरोप-अमेरिकेत ऐन उन्हाळा असतो तेच अंतर आपल्याला आजारी पाडते, असे म्हणण्यात काहीच अर्थ नाही; जुलैतला गारवा ढगांचा आणि पावसाचा असतो. तरीही संदेश खरा वाटतो, कारण तो आधीच्या कल्पनेशी जुळतो आणि वरून पुन्हा पुन्हा येतो. एखादे विधान नुसते परत परत कानावर पडले तरी ते अधिक खरे वाटू लागते, हे १९७७ मध्ये हॅशर, गोल्डस्टाइन आणि टॉपिनो यांनी प्रयोगाने दाखवले होते.

बरोबर उत्तर शिकल्यावर जुनी कल्पना पुसली जाते का, हा यापुढचा प्रश्न. अँड्र्यू श्टुलमन आणि जोशुआ व्हालकार्सेल यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विधाने दाखवून ती खरी की खोटी हे झटपट सांगायला लावले. ‘चंद्र पृथ्वीभोवती फिरतो’ हे विधान डोळ्यांना दिसते त्याच्याशीही जुळते. ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ हे जुळत नाही, कारण रोज फिरताना दिसतो तो सूर्य. दुसऱ्या प्रकारच्या विधानांना विद्यार्थ्यांनी अधिक वेळ घेतला आणि त्यांत चुकाही अधिक केल्या. म्हणजे शिकलेले ज्ञान जुन्या समजुतीची जागा घेत नाही; ते तिच्या शेजारी येऊन बसते आणि दर वेळी तिला दाबून धरते. डेबोरा केलेमन यांच्या अभ्यासात तर व्यावसायिक शास्त्रज्ञांनीही घाईत उत्तरे देताना ‘झाडे प्राण्यांना श्वास घेता यावा म्हणून प्राणवायू निर्माण करतात’ अशा धाटणीची हेतू चिकटवणारी विधाने अधिक वेळा मान्य केली. हे वाचल्यापासून परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा विद्यार्थी बाहेर पडताच जुनेच बोलतो, याचा मला राग येत नाही.

गुळाचे उदाहरण देणे कोल्हापूरकराला थोडे जड जाते, पण ते टाळता येत नाही. गुऱ्हाळावर चुलाणाच्या आचेवर काहिलीत उसाचा रस उकळत असतो, भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणून काढली जाते, आणि रस नेमका कधी उतरवायचा हे गुळव्याची नजर ठरवते. हे सारे डोळ्यांसमोर घडताना पाहिलेल्या माणसाला गूळ आपला वाटतो आणि कारखान्यातली साखर परकी. त्यातूनच मधुमेह असलेली माणसेही साखर सोडून निर्धास्तपणे गुळाचा चहा पितात. गुळात काही खनिजे असतात हे खरे, परंतु त्याचा बहुतांश भाग साखरेचाच असतो आणि तोही रक्तातली साखर वाढवतो. ‘नैसर्गिक ते निरुपद्रवी’ ही कल्पना येथे काम करते. याच कल्पनेचा उलटा खेळ बाजारात दिसतो: गुळाचा पिवळाधमक रवा, म्हणजे ढेप, शुद्ध समजून उचलला जातो, आणि तो रंग आणण्यासाठी अनेकदा हायड्रोस हे रंग उजळवणारे रसायन वापरलेले असते, तर रसायनाविना केलेला काळपट गूळ बाजूला पडतो.

लेबलाची ही ताकद पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांच्या १९८६ मधील प्रयोगात स्पष्ट दिसते. लोकांसमोर दोन बाटल्यांत साखर ओतली गेली आणि एका बाटलीवर ‘साखर’, दुसरीवर ‘सोडियम सायनाइड’ अशा चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच्या हातांनी लावल्या. दोन्हींत साखरच आहे हे ठाऊक असूनही विषाचे नाव लावलेल्या बाटलीतली साखर घ्यायला लोक कचरले. जाणणे आणि वाटणे यांतले हे अंतर तर्काने लगेच मिटत नाही, हे डॉक्टरांनी आणि शिक्षकांनी ध्यानात घ्यावे असे मला कळकळीने वाटते. मधुमेह्याला ‘गूळ वाईट’ म्हणून दटावण्यापेक्षा, गुळाचा चहा घेतल्यानंतर दोन तासांनी त्याचीच रक्तशर्करा त्याला मोजून दाखवणे अधिक उपयोगी पडेल.

वर्गातही मी हाच मार्ग धरला आहे: आधी भाकीत, मग निरीक्षण, आणि स्पष्टीकरण शेवटी. त्यासाठी कोल्हापूरइतके सोयीचे गाव दुसरे नसेल. अंबाबाईच्या मंदिरात ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत किरणोत्सव होतो. मावळतीची किरणे महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यात पोहोचतात आणि ढग, धूळ किंवा वाटेतल्या बांधकामांनी अडवले नाही तर मूर्तीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. दोन्ही उत्सव २१-२२ डिसेंबरच्या, म्हणजे सूर्य सर्वाधिक दक्षिणेला असतो त्या दिवसाच्या, अलीकडे-पलीकडे सुमारे सहा आठवड्यांवर येतात, कारण दोन्ही वेळी सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे १८ अंशांवर मावळतो.

नोव्हेंबरमध्ये मी मुलांना रंकाळ्याच्या पूर्व काठावर एक जागा ठरवून देतो. तेथून सूर्य पलीकडच्या कोणत्या झाडामागे किंवा टेकडीमागे मावळतो त्याची खूण वहीत काढायची आणि दोन प्रश्नांची उत्तरे त्याच दिवशी लिहून ठेवायची: सूर्य यापुढे कोणत्या बाजूला सरकेल, आणि याच खुणेवर परत कधी येईल? उत्तर शाईने लिहिलेले असल्यामुळे नंतर ‘मला हेच म्हणायचे होते’ असे म्हणता येत नाही. डिसेंबरअखेर सूर्य डावीकडे थांबून उलटा फिरला की वर्गात खरी चर्चा सुरू होते, आणि मगच मी अक्षाच्या कलाची आकृती फळ्यावर काढतो. त्याआधी ती काढली, तर मुले ती सुबकपणे वहीत उतरवून घेतात आणि अंतराची कल्पना मनात तशीच राहते.