तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्रा आणायला आपण तयार आहोत का?

रस्त्यावरची पिल्लं घर मिळेपर्यंत माझ्याकडे राहतात, त्यामुळे अधूनमधून कुणी ना कुणी विचारतंच, ‘आम्हाला कुत्रा आणायचाय. जमेल का हो आम्हाला?’ परवा सोसायटीतल्याच एका ताईंनी विचारलं. मुलगी दहावीला आहे, परीक्षा झाली की तिला पिल्लू हवंय, नवऱ्याची ना नाही. ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढं झालं आणि लिफ्ट आली. म्हणून आता सविस्तर सांगते.

माझा पहिला प्रश्न कुत्र्याबद्दल नसतोच. तुमच्या घरात सिलिंडर संपत आला की नंबर कोण लावतं? शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कोण वाचतं? उद्या पाणी येणार नाही म्हटल्यावर रात्री बादल्या कोण भरून ठेवतं? बहुतेक घरांत तिन्हींचं उत्तर एकच असतं. कुत्रा त्याच माणसाचा होणार, हट्ट कुणीही केलेला असो. त्या माणसाने स्वतःहून हो म्हटलं असेल तर पुढचं बोलू. ‘सगळ्यांची एवढी इच्छा आहे तर आणू दे बापडे’ याला मी होकार धरत नाही.

मागे एक कुटुंब पिल्लू बघायला आलं होतं. वडील आणि मुलगा जमिनीवर बसून नावं ठरवत होते. आई सोफ्याच्या कडेवर बसली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, ‘याचे केस किती गळतात? आणि शू केली की फरशी कशाने पुसता?’ नवरा म्हणाला, ‘अगं, ते होईल गं.’ मला मात्र तिच्याकडे बघून बरं वाटलं. त्या खोलीत कुत्र्याबरोबर राहण्याचा विचार तिने एकटीने केला होता. बाकी दोघं फोटो काढत होते. मी त्यांना सांगितलं, आठवडाभर फरशी तुम्ही दोघांनी पुसा आणि मग या.

काम म्हणजे नेमकं काय, तर जुलै महिना डोळ्यासमोर आणा. सकाळी सहाला पाऊस धो धो पडतोय आणि कुत्र्याला खाली जायचंय. ज्यांना खाली जायची सवय लागली, ती कुत्री घरात करत नाहीत, दाराशी उभी राहून तुमच्याकडे बघत राहतात. वर आल्यावर चारही पंजे जुन्या पंच्याने पुसायचे, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवायचं, कान उलटून बघायचे. गोचीड तिथेच बसतात. रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली गोचीड चिमट्याने कातडीला लागून पकडायची आणि सरळ ओढायची. पिळून किंवा रॉकेल लावून काढायची नाही. गोचीड ताप आला की कुत्रं जेवण सोडतं, हिरड्या पांढुरक्या दिसतात, प्लेटलेट्स खाली येतात. मग रोज डॉक्टर, रक्ततपासण्या, इंजेक्शनं. महिन्याच्या खाण्याचा हिशेब सगळे करतात, पण घर हलतं ते अशा आठवड्यांत.

दुसरी पाळी सणांची. गणपतीला कोकणात जाणारी मंडळी असाल, तर कुत्र्याचं काय? रेल्वेत त्याला तुमच्याबरोबर न्यायचं तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्याकडे लागते, नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. गणपतीत कोकण रेल्वेचं साधं वेटिंग हलत नाही, तिथे कूपे कोण देणार? कुत्री ठेवून घेणारे बोर्डिंगवाले दिवसाचे पैसे घेतात आणि ऐन सणात आधीच भरलेले असतात. दिवाळीत तर घर सोडायचंच नाही, कारण पहिल्या सुतळी बॉम्बला कुत्रं पलंगाखाली जातं आणि कुणी तरी शेजारी बसून राहावं लागतं. ते कुणी तरी कोण, हे आधीच ठरवा. (उत्तर पुन्हा सिलिंडरचा नंबर लावणारं माणूसच येत असेल, तर विचार करा.)

ताई, तुमच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती वर्षांची. देशी कुत्रं नीट सांभाळलं तर १२ ते १५ वर्षं जगतं. मुलगी बारावीनंतर शिकायला बाहेर जाईल, मग नोकरी. म्हणजे कुत्रं तिच्यासाठी आणलं तरी आयुष्य काढणार तुमच्याजवळ. त्याच्या म्हातारपणी तुम्ही साठीच्या जवळ असाल आणि गुडघे तुमचेही दुखत असतील. हे घाबरवायला सांगत नाही. उलट मुली-मुलं बाहेर गेल्यावर घरात आवाज हवा म्हणून डोळे उघडे ठेवून कुत्रं आणणारी जोडपी मला जास्त भरवशाची वाटतात.

जातीबद्दल माझं मत पक्कं आहे आणि भांडायची तयारीही. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तिथे हस्की आणून दिवसभर एसी लावायचा हा शौक आपला, भोग त्याचे. मराठवाड्यातला कारवानी देखणा खरा, पण तो रानात सशामागे धावायला घडलेला आहे; दोन बीएचकेत त्याचं काय करणार? विकतच घ्यायचं असेल तर आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या नियमांनी बंदी आहे. कुणी महिन्याभराचं पिल्लू हातात ठेवलं तर तिथूनच परत फिरा.

सोसायटीची भीती अनेकांना असते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ठराव करून कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. पण कायदा दाखवून शेजार टिकत नाही. खाली जाताना पिशवी न्या, घाण उचला, पट्टा सोडू नका. महापालिकेचा परवाना काढा, रेबीजची लस दर वर्षी टोचून घ्या. सासूबाईंचं ‘दत्ताच्या पायाशी आहेत तिथे ठीक, देवघराशी नको’ हे मला कायद्यापेक्षा अवघड वाटतं. त्यांच्याशी आधी बोला, पिल्लू आणून मग नको.

आणि नाही जमलं तर? पाळलेलं कुत्रं सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज दोघांचा धड वडापाव-चहा होत नाही, तेव्हा कायदा कुणाला अडवेल ही आशा मी सोडली आहे.

वेळ म्हणाल तर दिवाळीच्या तोंडावर पिल्लू आणू नका. मेमध्ये गावाला जाणार असाल तर परत आल्यावर, जूनमध्ये आणा. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूच्या भीतीने त्याला रस्त्यावर न्यायचंच नसतं, त्यामुळे पहिला पाऊस घरात वर्तमानपत्रांवर निघून जातो. पोह्यांतला कांदा आणि शिऱ्यातले मनुके मात्र त्याच्या तोंडी पडू देऊ नका. दोन्ही कुत्र्यांना विषारी.

तोवर महिनाभर सकाळी सहाला आणि रात्री दहाला खाली उतरून वीस मिनिटं चालून या, कुत्र्याशिवाय. ज्याने फिरवायचं कबूल केलंय त्यानेच. महिना निभावला तर माझ्याकडचं एखादं पिल्लू दोन आठवडे सांभाळायला न्या. परत आणलंत तरी मला राग येणार नाही, त्यासाठीच ते दोन आठवडे आहेत. फक्त यायच्या आधी कामाच्या मावशींना विचारून या. गेल्या वेळी चांगलं रुळलेलं पिल्लू परत आलं, कारण घरातले चारही जण तयार होते, मावशी नव्हत्या.