पुसायचा फलक

शाळेच्या अमृतमहोत्सवी वर्षात आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी दर सोमवारी दर्शनी फलकावर रंगीत खडूंनी चित्र काढायचं ठरवलं. विषय फक्त नाशिकचे. परवा त्यातला शेवटचा फलक झाला. मांडव काढल्यावर लग्नघर जसं ओकंबोकं वाटतं, तशी मी दोन दिवस घरात वावरते आहे. स्मरणिकेसाठी आठवणी लिहायला सांगितल्या आहेत, पण मनात एकच प्रश्न घोळतोय आणि तोही शाळेतलाच आहे. आठ दिवसांत पुसलं जाणार, त्यासाठी आपण एवढा जीव का टाकतो?

सातवीत असताना मी हा प्रश्न चित्रकलेच्या सरांना विचारला होता. फलकलेखन त्यांच्याकडे असायचं आणि मी खडू द्यायला उभी राहायचे. अनंत चतुर्दशीनंतर त्यांनी आपणच काढलेला गणपती पुसायला घेतला, तेव्हा मला रडू फुटलं. सरांनी ओलं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "वरून खाली पूस, नाहीतर ओघळ राहतात." त्या दिवशी उत्तर मिळालं ते एवढंच.

हात मात्र त्यांनी घडवला. खडू पाण्यात बुडवून रेघ ओढली की आधी ती फिकी, जवळजवळ नाहीशी दिसते आणि वाळल्यावर उजळून येते. त्यामुळे ओल्या रेघेवर विश्वास ठेवून पुढे जावं लागतं. अंधार हवा तिथे काही करायचं नाही, फळाच अंधार असतो. काळारामाचं मंदिर काढताना हे फार उपयोगी पडलं. काळा पाषाण फळ्याने दिला, आम्ही फक्त त्यावर पडलेलं ऊन काढलं. त्याच्या दाराशी 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सत्याग्रहातली माणसं आम्ही पांढऱ्या खडूने, चेहरे न रेखता, नुसती उभी केली. त्या आठवड्यात मुलं फलकासमोर जरा जास्त वेळ थांबत होती.

गोदावरीच्या पात्रातला, पुराचं पाणी ज्यावरून मोजतात तो दुतोंड्या मारुती तर जन्मापासूनचा ओळखीचा. पण खडू हातात घेतल्यावर कळलं की नुसतं 'पाहिलंय' एवढ्यावर चित्र निघत नाही. सकाळीच गोदाघाटावर जाऊन बसले. शेजारी फुलं विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "नुसता मारुती काय काढतेस, पाणी काढ." मग त्यांनी स्वतःच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला हात लावून दाखवलं, मारुतीला कुठवर पाणी लागलं की टोपल्या कुठे हलवायच्या ते. सोमवारी फलकावर मारुती होताच, पण चित्र खरं झालं ते त्या तीन निळ्या रेषांनी. नातवाला सोडायला आलेले एक आजोबा मधल्या रेषेवर बोट ठेवून त्याला आपल्या वाड्यात शिरलेल्या पाण्याची गोष्ट सांगत राहिले. घंटा झाली तरी तो पोरगा हलेना.

तिथे मला उत्तराचा धागा सापडला. मावशी मला ते कधी सांगणार होत्या? आजोबा नातवाला कधी सांगणार होते? आपल्या गावावर आपलं प्रेम असतं, पण ते मोघम असतं. चित्र काढायला बसलं की ते प्रेम जागचं उठतं, चार माणसांकडे जातं, नीट विचारतं, नीट बघतं. माझ्या मते आपण कला करतो ती यासाठी. चित्र टिकावं ही इच्छा मागाहून येते आणि ती काही खालच्या दर्जाची नाही; फक्त तिच्यावर सगळा भार टाकू नये. दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्याने टिपली होती. कुंडीतल्या एका रोपाकडे इतक्या चिकाटीने बघणारा माणूस पुढे सिनेमा उभा करतो, यात मला नवल वाटत नाही. त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या प्रती आज उरलेल्या नाहीत. म्हणून ती धडपड वाया गेली असं कोण म्हणेल?

आणि रहाडी, म्हणजे जमिनीतले जुने हौद, आपल्याच गावच्या ना! रंगपंचमीला जुन्या नाशकात त्या उघडतात, रंगाचं पाणी भरतात, अख्खी गल्ली त्यात उड्या मारते आणि मग फळ्या टाकून, माती लोटून रहाड पुन्हा वर्षभरासाठी झाकतात. वरून गाड्या जातात. उरलं काय, असं तिथे कुणी विचारत नाही. पुढच्या वर्षी खणायचं कधी, तेवढं विचारतात.

फलकांचे फोटो काढून ठेवा, असा आग्रह अनेकांनी केला. काढलेत, या अंकात काही छापलेही आहेत. पण फोटोत ओली रेघ उजळताना दिसत नाही, ते आजोबाही दिसत नाहीत.

मुख्याध्यापकांना आणि संस्थेला एक विनंती आहे. दर्शनी भिंतीवर त्या फलकाच्या जागी कायमचा फ्लेक्स लावायचा विचार चालू असल्याचं ऐकलं. कृपया तसं करू नका. उरलेले खडू मी चित्रकलेच्या वर्गात ठेवले आहेत. आठवीतल्या दोघी मुलींनी पुढच्या सोमवारसाठी तांबट आळीत जाऊन भांड्यावर ठोके कसे घालतात ते बघून यायचं कबूल केलं आहे. त्यांना फळा लागेल.